बूशे, बुलांजे आणि बटलर

इंग्रजीने खाण्यापिण्याच्या व्यवसायांची नावे फ्रेंचकडून घेतली असे सर्रास म्हटले जाते, आणि 'बुचर', 'ग्रोसर', 'केटरर', 'शेफ' हे शब्द पाहिले की ते पटतेही. पण त्याच बाजारात बसणारे 'बेकर', 'मिलर', 'ब्रूअर' आणि 'फिशमाँगर' हे नॉर्मन लोक इंग्लंडच्या किनाऱ्यावर उतरण्यापूर्वीपासून तेथे होते आणि त्यांची देशी नावे आजतागायत टिकून आहेत. एकाच गल्लीतल्या खाटकाचे नाव परके आणि त्याच्या शेजारच्या पाववाल्याचे नाव घरचे, हे कसे घडले याचा उलगडा केवळ शब्दकोश चाळून होत नाही. त्यासाठी प्रत्येक शब्द कोणत्या दाराने आत आला हे पाहावे लागते: सरदाराच्या वाड्यातील मुदपाकखान्यातून, शहरातल्या व्यापारी संघांच्या दप्तरातून, की पुष्कळ शतकांनंतर उपाहारगृहाच्या खाद्यपत्रिकेतून.

1066 साली हेस्टिंग्जच्या लढाईत नॉर्मंडीचा ड्यूक विल्यम विजयी झाला आणि इंग्लंडची सत्ता, जमीन व चर्च ही तिन्ही फ्रेंच बोलणाऱ्या लोकांच्या हाती गेली. त्यांची बोली पॅरिसची नव्हती. ती उत्तरेकडील नॉर्मन बोली होती आणि इंग्लंडच्या भूमीवर तिला जे रूप आले त्याला भाषाभ्यासक अँग्लो-नॉर्मन म्हणतात. तरीही विजयाच्या दुसऱ्याच दिवसापासून इंग्रजीत फ्रेंच शब्दांचा पूर आला असे मानणे चुकीचे ठरेल. शब्दांची खरी आयात साधारण 1250 ते 1400 या काळात झाली, म्हणजे उमरावांची मुले घरात इंग्रजी बोलू लागली होती, पण हिशेब, करारमदार आणि वाड्यातील कारभार मात्र फ्रेंचमध्येच चालत होता अशा संधिकाळात. न्यायालयातील युक्तिवाद इंग्रजीत व्हावेत असा कायदा 1362 साली झाला, तेव्हा तो कायदाही फ्रेंचमध्येच लिहिलेला होता, यावरून त्या काळातील भाषांची वाटणी लक्षात यावी.

नॉर्मन सरदाराच्या वाड्यात खाण्यापिण्याची व्यवस्था अनेक खात्यांत विभागलेली असे आणि प्रत्येक खात्यावर एक स्वतंत्र अधिकारी असे. मराठेशाहीतील अठरा कारखान्यांची रचना ठाऊक असलेल्या वाचकाला ही पद्धत अनोळखी वाटणार नाही. पावाचे खाते सांभाळणारा तो 'पानतिए'. फ्रेंचमध्ये पावाला 'पँ' म्हणतात, तो लॅटिन 'पानिस'पासून आला, आणि पावाच्या कोठीला 'पानत्री' असे नाव होते. इंग्रजीत अधिकाऱ्याचे नाव 'पँटलर' झाले व कालांतराने विस्मरणात गेले. कोठीचे नाव मात्र 'पँट्री' या रूपाने उरले आणि भारतीय रेल्वेच्या लांब पल्ल्याच्या गाड्यांत पँट्री कारपर्यंत येऊन पोहोचले. त्याच लॅटिन 'पानिस'पासून पोर्तुगीज 'पाँव' निघाला आणि तो गोव्याच्या व वसईच्या वाटेने मराठीत 'पाव' झाला, तेव्हा पँट्री कारमधून येणारा आम्लेट-पाव हा एकाच लॅटिन शब्दाच्या दोन शाखांची भेट घडवतो. 'कंपनी' आणि 'कंपॅनियन' हेही याच कुळातले: ज्याच्यासोबत पाव खाल्ला जातो तो सोबती.

द्रवपदार्थांचे खाते 'बुतेयिए'कडे असे, म्हणजे 'बुतेय' अर्थात बाटल्या सांभाळणाऱ्याकडे. इंग्रजीतील 'बटलर' तो हाच. आज बटलर म्हटले की गणवेशातला घरगुती नोकर डोळ्यांपुढे येतो, परंतु मध्ययुगात हे मोठ्या मानाचे पद होते. 12व्या शतकाच्या अखेरीस थिओबाल्ड वॉल्टर याला आयर्लंडचा मुख्य बटलर नेमण्यात आले आणि त्याच्या वंशजांनी पदालाच आडनाव केले, तेच पुढे ऑर्मंडचे अर्ल झालेले बटलर घराणे. मद्याची पिंपे ठेवण्याच्या खोलीला 'बटरी' म्हणत, आणि नावावरून वाटते तसा तिचा लोण्याशी काही संबंध नाही. मोठ्या पिंपाला 'बट' असा शब्द होता, त्यावरून ते नाव पडले. खारवलेले मांस जेथे टांगून ठेवत तो 'लार्डर', कारण फ्रेंचमध्ये 'लार' म्हणजे डुकराचे चरबीदार मांस. येथे भाषांतरकारांची नेहमी फसगत होते, कारण इंग्रजीतील 'लार्ड' हा कढवून काढलेल्या चरबीपुरता मर्यादित झाला आणि फ्रेंच माणूस त्या कढवलेल्या चरबीला 'सँदू' म्हणतो.

या सर्व खात्यांसाठी बाजारातून माल आणणारा अधिकारी वेगळा असे. खरेदी करणे याला आजच्या फ्रेंचमध्ये 'आश्ते' असे क्रियापद आहे, पण नॉर्मन बोलीत त्यातील 'श'च्या जागी 'क' होता, म्हणून नॉर्मन खरेदीदार तो 'अकातूर'. चॉसरने 14व्या शतकाच्या अखेरीस लिहिलेल्या 'कँटरबरी टेल्स'च्या प्रस्तावनेत हा खरेदीदार 'अचातूर' या मध्य फ्रान्सच्या उच्चाराने डोकावतो. बोलीभाषेत टिकले ते मात्र नॉर्मन रूप, आधीचा 'अ' झडून. त्यापासून 'केटर' आणि मग दुहेरी प्रत्यय लागून 'केटरर'. महाराष्ट्रात लग्नाच्या जेवणावळींतून आचाऱ्याची जागा घेणारा जो केटरर आहे, त्याच्या नावात स्वयंपाकाचा उल्लेखच नाही. मूळ अर्थाने तो बाजारहाट करणारा आहे.

वाड्याबाहेर पडून शहराच्या बाजारात आले की दुसरी आयात दिसते. जुन्या इंग्रजीत मांस विकणाऱ्याला 'फ्लॅशमाँगर' असा सरळ, देशी शब्द होता, आणि त्याच मुळाचा 'फ्लेशर' हा शब्द स्कॉटलंडमध्ये पुढेही दीर्घकाळ वापरात राहिला. इंग्लंडच्या शहरांत मात्र 1300च्या सुमारास 'बुचर' रूढ होऊ लागला. तो फ्रेंच 'बूशे'चा इंग्रजी अवतार, आणि 'बूशे' हा 'बूक' म्हणजे बोकड या शब्दापासून तयार झालेला आहे. अर्थात शब्दाच्या जन्मवेळी तो बोकड कापणाऱ्यापुरता होता, पुढे सर्व प्रकारचे मांस विकणाऱ्याला लागू झाला. कोंबड्या-बदके विकणारा 'पूलतिए' हा इंग्रजीत 'पोल्टरर' झाला, त्याच्या मालाला 'पोल्ट्री' म्हणू लागले आणि लंडनमध्ये हे विक्रेते जेथे बसत त्या रस्त्याचे नाव आजही 'पोल्ट्री' असेच आहे. फ्रेंचने मात्र दरम्यान आपला शब्द बदलला; आज पॅरिसमध्ये कोंबडी 'व्होलाये'कडून घेतात, म्हणजे उडणाऱ्या प्राण्यांच्या विक्रेत्याकडून. मध्ययुगीन फ्रेंचचे जे शब्द फ्रान्सने टाकून दिले ते इंग्रजीने जपून ठेवल्याची अशी उदाहरणे बरीच आहेत, आणि त्यांतले सर्वांत बोधप्रद उदाहरण किराणा दुकानदाराचे आहे.

लंडनमध्ये मिरीच्या व्यापाऱ्यांचा संघ 1180 साली अस्तित्वात होता. मलबारच्या किनाऱ्यावरून निघून अरब आणि इटालियन व्यापाऱ्यांच्या हातांतून गेलेली मिरी तेथे विकली जाई. हे व्यापारी 'आं ग्रो' म्हणजे ठोक माल घेत, म्हणून त्यांना 'ग्रोसिए' म्हणजे घाऊक व्यापारी म्हणू लागले, आणि 14व्या शतकात संघानेही तेच नाव धारण केले. 1428 साली सहाव्या हेन्रीने ग्रोसर्स कंपनीला सनद दिली. पुढे घाऊक हा अर्थ गळून 'ग्रोसर' म्हणजे किरकोळ विक्री करणारा वाणी झाला, म्हणजे शब्दाने आपल्या मूळ अर्थाच्या अगदी उलट बाजू गाठली. फ्रान्समध्ये याच शब्दाची वाट वेगळी झाली: 'ग्रोसिए' म्हणजे ओबडधोबड, असभ्य असे विशेषण झाले आणि घाऊक व्यापाऱ्यासाठी 'ग्रोसिस्त' असा नवा शब्द बनवावा लागला. फ्रेंच किराणा दुकानदार तो 'एपिसिए', म्हणजे मसाले विकणारा. 'एपिस' हा लॅटिन 'स्पेकिएस'चा, म्हणजे 'प्रकार, जिन्नस' या अर्थाच्या शब्दाचा वारस, आणि इंग्रजीत त्याच शब्दाचे दोन अवतार नांदतात: फ्रेंचमधून आलेला 'स्पाइस' आणि थेट लॅटिनमधून घेतलेला 'स्पीशीज'. मसाले आणि औषधे ही त्या काळी एकाच दुकानात मिळत. लंडनच्या औषधविक्रेत्यांना ग्रोसर्सपासून वेगळे होऊन स्वतःची सनद मिळाली ती 1617 साली.

मांसाच्या नावांविषयी एक गोष्ट शाळकरी पुस्तकांपासून मोठ्या ग्रंथांपर्यंत सर्वत्र सांगितली जाते. वॉल्टर स्कॉटच्या 1819 साली प्रसिद्ध झालेल्या 'आयव्हॅन्हो' कादंबरीत वाम्बा नावाचा विदूषक डुकरे राखणाऱ्या गर्थला सांगतो की जनावर जोपर्यंत सॅक्सन गुराख्याच्या ताब्यात असते तोपर्यंत त्याचे नाव इंग्रजी, आणि नॉर्मन धन्याच्या ताटात पडले की फ्रेंच: 'ऑक्स'चे 'बीफ', 'काफ'चे 'व्हील', 'स्वाइन'चे 'पोर्क'. निरीक्षण मार्मिक आहे, पण त्यावरून काढला जाणारा इतिहास फार सुबक आहे. फ्रेंचमध्ये 'बफ', 'मुतों' आणि 'पोर' हे शब्द जिवंत प्राण्यालाही लागू होतात आणि मांसालाही. मध्ययुगीन इंग्रजीतही 'मटन' हा शब्द जिवंत मेंढीसाठी वापरला जात असे आणि 'बीफ'चे 'बीव्ह्ज' हे अनेकवचन गुरांच्या कळपासाठी चालत असे. प्राणी आणि पदार्थ यांची काटेकोर विभागणी हळूहळू, काही शतकांच्या वापरातून घट्ट झाली. विजेत्यांनी ती एका रात्रीत लादली नाही. मराठीने या साखळीत स्वतःची एक कडी जोडली आहे: मेंढीचा 'मुतों' इंग्रजीतून 'मटण' होऊन आला आणि महाराष्ट्रात तो बहुतकरून बोकडाच्या मांसाला लागला.

आता प्रश्न उरतो तो पाववाल्याचा. आजच्या फ्रेंचमध्ये तो 'बुलांजे', आणि हा शब्द इंग्रजीत सामान्य नाम म्हणून आलाच नाही. याचे एक कारण असे दिले जाते की पाव हे गावोगावच्या सामान्य माणसाचे रोजचे अन्न होते, म्हणून ते भाजणाऱ्याचे नाव गावाच्या भाषेतच राहिले. हे कारण खोटे नाही, परंतु फ्रेंच बाजूही पाहायला हवी. विल्यमच्या सैन्याबरोबर 'बुलांजे' हा शब्द येऊच शकला नसता, कारण तो तेव्हा फ्रान्सभर रूढ झालेलाच नव्हता. उत्तरेकडील पिकार्दी भागात गोल पाव बनवणाऱ्याला तसा शब्द होता. गोल चेंडूसारख्या पावाला आजही 'बूल' म्हणतात. पॅरिसचा प्रशासक एत्येन ब्वालो याने 1268च्या सुमारास शहरातील सुमारे शंभर व्यवसायांचे नियम 'लिव्र दे मेतिए' या ग्रंथात लिहवून घेतले, त्यात पाववाल्यांचे नाव आहे 'तालमेलिए'. भट्टी चालवणाऱ्याला 'फूर्निए' म्हणत, आणि लॅटिन 'पिस्तोर'पासून आलेला आणखी एक शब्दही वापरात होता. उसने घेण्यासारखा एकच ठसठशीत शब्द समोर नसताना इंग्रजांनी आपला 'बेकर' सोडण्याचे काही कारण नव्हते. उलट फ्रान्समध्ये 'बुलांजे'ने पुढे सर्व प्रतिस्पर्ध्यांना मागे सारले आणि त्याला कायद्याचे संरक्षणही मिळाले: 1998च्या कायद्यानुसार जो दुकानदार पीठ मळणे, आंबवणे, आकार देणे आणि भाजणे ही सर्व कामे स्वतःच्या जागेत करतो त्यालाच 'बुलांजरी' अशी पाटी लावता येते, गोठवलेला कच्चा पाव बाहेरून आणून नुसता भाजणाऱ्याला ती मुभा नाही.

'बेकर' घरचा राहिला खरा, पण त्याच्या दुकानाला फ्रेंच शेपूट लागले. व्यवसायाच्या जागेसाठी फ्रेंचमध्ये 'री' किंवा 'एरी' असा प्रत्यय आहे, 'बूशरी', 'एपिसरी', 'फ्रोमाजरी' या शब्दांत दिसतो तोच. तो इंग्रजी धातूंना जोडून 'बेकरी' आणि 'ब्रूअरी' तयार झाले. 'डेअरी' हा त्यातला सर्वांत लोभस नमुना. जुन्या इंग्रजीत 'डेये' म्हणजे कणीक मळणारी बाई, पुढे दूधदुभते पाहणारी दासी. तिच्या कामाच्या जागेला फ्रेंच प्रत्यय लागून 'डेअरी' झाली. हाच 'मळणारी' या अर्थाचा घटक 'लेडी' या शब्दाच्या उत्तरार्धात दडलेला आहे, कारण 'लेडी'चे जुने रूप 'ह्लाफ्डीये' म्हणजे पावाची कणीक मळणारी, तर 'लॉर्ड' म्हणजे पावाचा राखणदार. महाराष्ट्राच्या कोणत्याही तालुक्याच्या गावी ज्या 'बेकरी' आणि 'डेअरी' या पाट्या दिसतात त्यांचे धड इंग्रजी आणि शेवट फ्रेंच आहे. गोव्यात मात्र इंग्रजीचा संबंधच न येता सकाळी सायकलवर भोंगा वाजवत येणारा पाववाला 'पोदेर' म्हणून ओळखला जातो; पोर्तुगीज 'पादेइरू'चे हे कोंकणी रूप पुन्हा त्या लॅटिन 'पानिस'शीच जाऊन भिडते.

चीजच्या बाबतीत दोन्ही भाषा लॅटिनच बोलतात, पण वेगवेगळ्या काळातली. 'चीज' हा लॅटिन 'कासेउस'पासून आला, आणि तो रोमन व्यापाराच्या काळातच जर्मनिक टोळ्यांनी उचलला होता. 'कुक', 'किचन' आणि 'मिल' हेही असेच नॉर्मनपूर्व लॅटिन शब्द. फ्रेंचने पुढे साच्यात आकार दिलेले चीज या अर्थाने 'फॉर्मा'पासून नवा शब्द घडवला, 'फॉर्माज'. त्यातील 'र'ने जागा बदलली आणि 'फ्रोमाज' झाले. चीज विकणारा तो 'फ्रोमाजे', आणि इंग्रजीतील 'फॉर्म' हा शब्द त्याचा चुलतभाऊ.

शब्द कोणत्या शतकात आला हे ओळखण्यासाठी ध्वनींचा मोठा उपयोग होतो. फ्रेंचमध्ये व्यंजनापूर्वीचा 'स' मध्ययुगातच उच्चारातून गेला आणि नंतर लेखनात त्याच्या जागी स्वरावर छोटी टोपी आली; इंग्रजीने शब्द आधी घेतला असल्यास तेथे 'स' शिल्लक असतो. म्हणून फ्रेंच 'पात' म्हणजे मळलेला गोळा, आणि इंग्रजीत 'पेस्ट', मराठी स्वयंपाकघरातील आले-लसूण पेस्टपर्यंत आलेला. फ्रेंच 'पाते', तर इंग्रजीत मांस भरलेली 'पॅस्टी'. फ्रेंच 'पातिसिए', आणि इंग्रजीत त्याचा माल 'पेस्ट्री'. दुसरी खूण 'च' आणि 'श' यांची. जुन्या फ्रेंचमध्ये 'च' असा उच्चार होता, तो 13व्या शतकात 'श' झाला. लॅटिन 'कापुत' म्हणजे डोके. त्यापासूनचा फ्रेंच शब्द इंग्रजीत 1300च्या आसपास आला तो 'चीफ', आणि तोच शब्द 19व्या शतकात 'शेफ द क्युइझीन' म्हणजे मुदपाकखान्याचा प्रमुख या पदवीतून पुन्हा आला तो 'शेफ'. रोमन लिपीतील 'ch' ही अक्षरे हा फरक लपवतात, देवनागरी तो उघड करून दाखवते.

ही तिसरी आयात घडवली ती उपाहारगृहाने. 'रेस्तोरां' हे मुळात थकलेल्या माणसाला पुन्हा तरतरी आणणाऱ्या कढणाचे नाव होते, आणि 1760च्या दशकात पॅरिसमध्ये ते देणाऱ्या दुकानांना हळूहळू तेच नाव पडले. बुलांजे आडनावाच्या एका माणसाने 1765 साली पहिले उपाहारगृह काढले ही कथा पुष्कळ पुस्तकांत आढळते, परंतु तिला समकालीन कागदपत्रांचा आधार नाही असे इतिहासकार रिबेका स्पँग यांनी दाखवून दिले आहे. तत्पूर्वी शिजवलेले अन्न विकण्याचा हक्क वेगवेगळ्या संघांत वाटलेला होता: मेजवान्यांची व्यवस्था करणारा 'त्रेतर', ज्याच्या क्रियापदापासून इंग्रजी 'ट्रीट' आला, भाजलेले मांस विकणारा 'रोतिसर', ज्याच्या टोपीखाली इंग्रजी 'रोस्ट'चा 'स' लपला आहे, आणि डुकराचे शिजवलेले मांस विकणारा 'शार्क्युतिए', ज्याचे नाव 'शेर क्युइत' म्हणजे शिजलेले मांस यावरून पडले.

ओग्यूस्त एस्कोफिए (1846–1935) हा शेफ 1890 साली लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलात रुजू झाला, आणि मोठ्या हॉटेलांच्या स्वयंपाकघराला त्याने जी शिस्त लावली तिच्यामुळे या शब्दांची संपूर्ण उतरंड इंग्रजीत आली. सॉस करणारा 'सोसिए', मासे पाहणारा 'पुआसोनिए', थंड पदार्थांच्या विभागाचा 'गार्द-मांजे'. शेवटच्या शब्दातील 'गार्द' म्हणजे राखणे, आणि इंग्रजीत त्याच्या कुळातल्या एका शब्दाची दोन रूपे आहेत, नॉर्मन बोलीतले 'वॉर्डन' आणि मध्य फ्रान्समधले 'गार्डियन'. मुंबईत 1954 साली सुरू झालेल्या हॉटेल व्यवस्थापन संस्थेपासून गोव्यातील संस्थेपर्यंत सर्वत्र विद्यार्थी आजही हीच पदनामे शिकतात, आणि पंचतारांकित हॉटेलात नव्याने लागलेला मुलगा 'कमी थ्री' या हुद्द्यावर सुरुवात करून 'कमी वन'पर्यंत चढतो. मराठी कानाला हा शब्द हुद्द्याचा कमीपणा सांगणारा वाटतो. तो फ्रेंच 'कोमी' आहे, ज्याच्याकडे काम सोपवले आहे असा, आणि 'कमिटी' व 'कमिशन' हे त्याचेच नातलग.

अलीकडच्या काळात प्रवास उलट दिशेनेही झाला. 'बीफस्टेक' हा शब्द 18व्या शतकाच्या अखेरीपासून फ्रेंचमध्ये 'बिफ्तेक' म्हणून दिसू लागतो. त्यातला 'बीफ' फ्रान्सहून इंग्लंडला जाऊन परतलेला आहे, आणि 'स्टेक' हा स्कँडिनेव्हियातून आलेल्या लोकांनी इंग्रजीला दिलेला शब्द. 'रोझबिफ' याच तऱ्हेने परतला आणि फ्रेंच लोकांनी तो इंग्रजांचे टोपणनाव म्हणूनही वापरला. आज फ्रान्सच्या प्रत्येक बूशेकडे मिळणारा 'स्तेक आशे' म्हणजे खिम्याची चपटी वडी. त्यातील 'आशे' म्हणजे बारीक तुकडे केलेला, आणि त्याच क्रियापदापासून इंग्रजीने 17व्या शतकात 'हॅश' घेतला होता.